भाऊसाहेबांनी निवडलेला लॅपटॉप

परवा बार्शीहून एका शाळेच्या क्लार्क मॅडमचा फोन आला. ऑफिससाठी लॅपटॉप घ्यायचाय, स्वस्तातला हवाय, काम साधंच आहे, तुमच्याकडे कुठला आहे तेवढं सांगा, म्हणाल्या. दुपारचे साडेतीन वाजले होते, खिडकीपाशी दाखल्यासाठी चार पालक उभे होते आणि माझं डोकं सकाळपासून उठलेलं होतं. तरी तोंडातून आपोआप निघून गेलं, "कंपनी नंतर बघू हो. काम काय करणार आहात, ते आधी सांगा." त्या बिचाऱ्या गडबडल्या. मीही जरा थांबले, कारण हे वाक्य माझं नव्हतं. भाऊसाहेबांचं होतं.

शाळेतल्या क्लार्कला आमच्याकडे भाऊसाहेब म्हणायची रीत आहे. तसे गावोगाव भाऊसाहेब सापडतील. मी ज्यांच्याबद्दल सांगतेय ते लक्ष्मीनारायण येमूल, भवानी पेठेतल्या आमच्या शाळेचे हेडक्लार्क. मी ज्युनिअर क्लार्क म्हणून लागले तेव्हापासून अकरा वर्षं त्यांच्या समोरच्या टेबलावर बसले. ते रिटायर झाल्यावर त्यांची जागा काही भरली गेली नाही. आता दोन्ही टेबलं माझीच आहेत आणि कामही दोघांचं. संध्याकाळी घरी जाताना चावी कुलपात फिरवायचा सुद्धा कंटाळा येतो.

भाऊसाहेब बुटके, सावळे, अंगात कायम पांढरा हाफ शर्ट. खिशाला दोन पेनं, निळं आणि लाल. बोलणं कमी. एखादं काम संपलं की "सरे" म्हणायचे. तो त्यांच्या घरातला तेलुगू शब्द, म्हणजे ठीक, झालं. मराठी मात्र अस्सल सोलापुरी. त्यांचे वडील मागावर होते, टॉवेल विणायचे. लहानपणी भाऊसाहेब शाळा सुटल्यावर टॉवेलांच्या घड्या घालायला बसत आणि प्रत्येक टॉवेल आधी उलटा करून बघत. "सरळ बाजू समदेच नीट करतेत की," ते मला एकदा म्हणाले होते, "धागा सुटतो तो उलट्या बाजूला." ती सवय त्यांना जन्मभर पुरली. पालकांनी अर्ज दिला की ते आधी अर्जाची मागची बाजू बघायचे. खुर्च्या आल्या की पालथ्या घालायचे. शाळेला पंखे घेतले तेव्हा दुकानदाराला त्यांनी पंखा खोक्यातून काढून उलटा धरायला लावला होता. आम्ही हसायचो. ते हसू द्यायचे.

त्यांची दुसरी सवय मला फारशी आवडत नसे. कुणीही अर्ज पुढे केला की ते म्हणायचे, "वाचा." पालक म्हणायचा, साहेब, लिहिलंय की त्यात. "तुमीच लिवलंय न्हवं? मग तुमीच वाचा." समोरचा माणूस अडखळत स्वतःचा अर्ज वाचायचा आणि भाऊसाहेब डोळे मिटून ऐकायचे. मला वाटायचं, माणूस मुरलाय, जरा मिजास आलीय. हेडसरांचं पत्र आलं तरी ते माझ्याकडे सरकवायचे. "मॅडम, वाचा जरा." मी मनातल्या मनात चरफडायचे आणि वाचायचे.

आता लॅपटॉपकडे येते. पण त्याच्या आधी वळसंगचे बंडगर आले, ते सांगायला हवं.

जुलैचे दिवस, ॲडमिशनची गर्दी. साठीचा माणूस, डोक्याला पटका, हातात कापडी पिशवी. मेंढरं आणि थोडी कोरडवाहू शेती. नातीला कॉलेजात घालायचं होतं आणि जातीच्या दाखल्यासाठी जुना पुरावा हवा होता. त्यांचे वडील लहानपणी सोलापुरात मामाकडे राहून आमच्या शाळेत दोन वर्षं शिकले होते. म्हणजे आमच्या जनरल रजिस्टरात त्यांची नोंद असणार, आणि त्या नोंदीत जातीचा रकाना.

जनरल रजिस्टर म्हणजे शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाची ओळ. नाव, जात, जन्मतारीख, गाव, शेवटी शेरा. आमच्याकडे अशी पंधरा रजिस्टरं आहेत. सगळ्यात जुन्याची पानं हात लावला की कोपऱ्यातून तुटतात. वर्ष नक्की माहीत नसेल तर नाव सापडेपर्यंत पान अन् पान उलटावं लागतं. बंडगरांना वर्ष माहीत नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून अडीच तास शोधलं, मी नावं वाचत आणि ते ऐकत. नाव सापडलं. पण पानाची कड गेली होती आणि कडेबरोबर जातीचा रकाना. तुकडा कधी पडला, कुणाच्या हातून पडला, देव जाणे. कदाचित आधी कुणासाठी तरी शोधताना माझ्याच हातून.

भाऊसाहेबांनी ते पान बंडगरांपुढे धरलं. "नाव हाय बघा. पुढचं न्हाई राहिलं."

"न्हाय?" बंडगर वाकून बघत होते. "आमी धनगर हाय की सायेब. समद्या वळसंगाला ठावं हाय."

"मला बी ठावं हाय. पन मला दिसतंय तेवढंच लिवता येतंय."

भाऊसाहेबांनी माझ्याकडून लिहून घेतलं, संबंधित नोंद वाचता येत नाही. बंडगर भांडले नाहीत. माठातलं पाणी प्यायले, पिशवी उचलली आणि गेले. भांडले असते तर बरं झालं असतं, असं मला त्या दिवशी वाटलं.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब म्हणाले, "मॅडम, शोधायला आपन पानं उलटतो ना, त्यानंच पानं मरतेत." मग त्यांनी त्यांचं ठरवलेलं सांगितलं. पंधराच्या पंधरा रजिस्टरं टाईप करायची. म्हणजे नाव टाकलं की कॉम्प्युटर सांगेल, अमुक रजिस्टर, अमुक पान. मग तेवढं एकच पान उघडायचं. "आता ह्ये पान एकदाच उलटायचं. टाईप करताना. आनि उलटलंच हाय तर तुमच्या मोबाईलवर फोटो काडून ठिवायचा." रिटायर व्हायला त्यांना दहा महिने राहिले होते. एकतीस मे. ते गेले की हे काम कुणी करणार नाही हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, हेडसरांनाही माहीत होतं.

ऑफिसातला जुना कॉम्प्युटर तासाभरात तापून बंद पडायचा आणि लाईट गेली की केलेलं काम घेऊन जायचा. तेव्हा लॅपटॉप घ्यायचा ठरला. संस्थेने होकार दिला, पण हात आखडूनच. पंचवीस हजारांच्या आत आणि नेहमीप्रमाणे तीन कोटेशनं जोडून. आता तीन कोटेशनं म्हणजे काय, हे ऑफिसात काम केलेल्या कुणालाही सांगायला नको. एकाच दुकानदाराकडून तीन वेगवेगळ्या लेटरहेडवर कागद आणायचे, की झालं. मी तसंच करणार होते. भाऊसाहेब म्हणाले, "न्हाई ओ. तीन दुकानं खरंच फिरू." दिवाळीनंतरचं ऊन होतं, तरी सोलापूरचंच. मला जायचं मुळीच नव्हतं.

निघण्याआधी त्यांनी एका जुन्या प्रश्नपत्रिकेच्या मागच्या बाजूला माझ्याकडून यादी लिहून घेतली. काम काय करणार? मराठी टायपिंग. बोनाफाईड, दाखले. ऑनलाईन फॉर्म भरणे. प्रिंट काढणे. याद्या. बास. खाली दुसरी यादी, काय नको. गाणी नकोत, गेम नकोत, हलका नको, चकचकीत नको. मी विचारलं, हलका का नको? म्हणाले, "ऑफिसातनं कुटं न्यायचाय? जड असला तर टेबलावरनं सरकनार न्हाई."

नव्या पेठेतल्या पहिल्या दुकानात विक्रेत्या मुलीने रुपेरी रंगाचा, पातळ लॅपटॉप पुढे केला. हेडसरांच्या भाच्याकडे तसाच होता, त्यामुळे सरांच्याही मनात तोच होता. भाऊसाहेबांनी तो हातात घेतला आणि सरळ पालथा केला.

ती मुलगी दचकली. "काका, स्क्रीन इकडं हाय."

"असू दे की." त्यांची बोटं खालच्या बाजूवरून फिरत होती. "ह्येला स्क्रू कुटं हायेत?"

"ह्ये उघडायचं नसतंय काका. एकदम पॅक येतंय."

"मग बिघडलं तर?"

"कंपनीत पाठवायचं."

"आनि तवर दाखले कुनी द्यायचे?" मग त्यांनी कडेच्या खाचा बोटाने चाचपल्या. दोनच होत्या आणि दोन्ही बारीक. आमच्या प्रिंटरची वायर जाड, शिवाय माऊस, शिवाय पेन ड्राईव्ह. त्यांनी लॅपटॉप हळूच टेबलावर ठेवला आणि "सरे" म्हणाले. मी कोटेशनचा कागद घेतला आणि आम्ही बाहेर पडलो.

दुसऱ्या दुकानातला माणूस प्रोसेसरबद्दल बोलू लागला तो थांबेचना. भाऊसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, एक पान टाईप करून प्रिंट द्यायला ह्यातलं किती लागतंय? तो बोलला ते बरोबरच असेल, पण आमचं काम एवढंसं आहे हे त्याला सांगितल्यावर त्याचाच उत्साह गेला. तरी त्याच्याकडून दोन कामाच्या गोष्टी कळल्या. मेमरी आठ जीबीपेक्षा कमी घेऊ नका आणि आत जुन्या पद्धतीची फिरती डिस्क घेऊ नका. त्या मी प्रश्नपत्रिकेवर लिहून घेतल्या. बार्शीच्या मॅडमनाही मी याच सांगितल्या.

तिसऱ्या दुकानात मोठ्या कंपन्यांनी वापरून काढलेले लॅपटॉप दुरुस्त करून विकायला ठेवले होते. काळे, जाडजूड, दिसायला अगदी ओबडधोबड. भाऊसाहेबांनी एकामागून एक पालथे घातले. स्क्रू मोजले. बिजागरी दहादा उघडझाप करून बघितली. बॅटरी काढून लावून दाखवायला सांगितली. मग खुर्ची ओढून बसले, दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले आणि डोळे मिटले.

डोळे मिटून त्यांनी टाईप केलं. त्यांनी मराठी टायपिंगची परीक्षा टाईपरायटरवर दिलेली, बोटांना सगळी अक्षरं पाठ. पहिल्या लॅपटॉपवर चार ओळी टाईप करून म्हणाले, "ह्याच्या एफ आनि जेवरचे उंचवटे झिजलेत. बोटाला जागा कळत न्हाई." तो बाजूला. दुसऱ्याच्या कळा रुतत होत्या. तिसऱ्यावर त्यांनी बराच वेळ टाईप केलं. दुकानदार माझ्याकडे बघून हसला. मीही हसले. काय एकेक तऱ्हा, असं मनात म्हणाले.

"मॅडम, अक्षर कसं दिसतंय?" त्यांनी विचारलं.

"छान दिसतंय."

"बरोबर उठलंय?"

"हो, एकही चूक नाही."

"मग ह्योच घ्यायचा."

आता आठवतं की त्या पूर्ण दिवसात त्यांनी एकदाही स्क्रीनकडे बघितलं नव्हतं. तेव्हा माझ्या ते लक्षातही आलं नाही.

हेडसरांनी तोंड वाकडं केलं. ऑफिसात बाहेरचे लोक येतात, जरा दिसायला तरी बरा आणायचा, म्हणाले. भाऊसाहेबांनी एवढंच सांगितलं, "सर, त्या रुपेरीमधे प्रिंटरची वायर जात न्हाई." सरांनी सही केली.

रोज साडेचारला खिडकी बंद करून आम्ही बसायचो. टेबलाच्या एका बाजूला मी, माझ्यापुढे रजिस्टर सपाट पसरलेलं. दुसऱ्या बाजूला ते आणि लॅपटॉप, स्क्रीन त्यांच्याकडे. मी आधी पानाचा फोटो काढायचे, मग एकेक ओळ वाचायचे आणि ते टाईप करायचे. दीडशे ओळी झाल्या की घरी. मी थकून जायचे. घसा कोरडा पडायचा, मान दुखायची. त्यांची बोटं मात्र थांबत नसत. मी जांभई दिली की म्हणायचे, "पानी प्या मॅडम. पन पान मिटू नका, अजून एकदा उलटावं लागंल."

नियम एकच होता. रजिस्टरात नाही ते टाईप करायचं नाही. चुकीचं दिसलं तरी तसंच. आमच्या रजिस्टरात निम्मी मुलं एक जूनला जन्मलेली आहेत, कारण जन्मतारीख कुणाच्या घरी लिहिलेली नसायची आणि गुरुजी शाळा सुरू व्हायच्या आसपासची तारीख टाकून मोकळे व्हायचे. मी वाचून वाचून कंटाळायचे. एक जून, एक जून, एक जून. भाऊसाहेब एकदा म्हणाले, "त्या दिवशी भवानी पेठंत सुइनीला जेवायला बी वेळ मिळाला नसंल." अकरा वर्षांत त्यांनी केलेला विनोद मला हा एवढाच आठवतो.

जानेवारीत सहावं रजिस्टर चालू होतं. मी यंत्रासारखी वाचत होते. "येमूल लक्ष्मीनारायण व्यंकटेश," वाचलं आणि थांबले.

"वाचा की," ते म्हणाले. "थांबला का?"

ते याच शाळेत शिकले होते हे मला माहीत होतं, पण त्यांची ओळ अशी समोर येईल हे डोक्यात आलं नव्हतं. मी वाचलं. जात. जन्मतारीख, एक जून. गाव सोलापूर. "शेरा कोरा आहे," मी म्हणाले आणि पान धरून बसले. कळांचा आवाज मात्र त्यानंतरही बराच वेळ येत होता. मला वाटलं, स्वतःचं नाव टाईप करताना माणसाचा हात चुकला असेल, दुरुस्त करताहेत. मग ते "सरे, पुढचं" म्हणाले आणि मी पुढची ओळ वाचली.

फेब्रुवारीत, पानं फार तुटतात म्हणून मागे ठेवलेलं एक जुनं रजिस्टर घेतलं, त्यात वळसंगचं नाव परत आलं. आडनाव बंडगर. मी वाचलं आणि त्यांची बोटं थांबली. "परत वाचा." बंडगरांच्या वडिलांचा सख्खा धाकटा भाऊ. तोही मामाकडेच राहून शिकलेला, आणि त्याच्या ओळीत जात ठसठशीत लिहिलेली. सख्ख्या चुलत्याचा पुरावाही चालतो. भाऊसाहेबांनी माझ्याकडून लगेच फोन लावून घेतला. बंडगर दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नेच आले, उतारा घेतला, कागद चारदा घडी घालून पिशवीत ठेवला. "पोरीचं ह्ये वरीस तर ग्येलं," ते म्हणाले, "पन फुडलं धरू." भाऊसाहेबांनी मान हलवली. त्या दिवशी आम्ही दीडशेऐवजी दोनशे ओळी केल्या.

एप्रिलमध्ये घात झाला. दोन दिवस आम्ही नेहमीसारखं काम केलं, तीनशेच्या वर ओळी झाल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मला त्यातलंच एक नाव हवं होतं म्हणून मी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पूर्ण पडदा इंग्रजी अक्षरांनी आणि चिन्हांनी भरलेला. कीबोर्ड मराठीवरून इंग्रजीवर गेला होता आणि दोन दिवस तसाच राहिला होता. माझे डोळे रजिस्टरात, त्यामुळे मी बघितलं नाही. पण स्क्रीन तर त्यांच्यापुढे होती.

"भाऊसाहेब, हे तुम्हाला दिसलं नाही?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. दोन दिवसांच्या उकाड्याचा सगळा राग त्यात होता.

त्यांनी चष्मा काढला, शर्टाने पुसला, परत घातला. "न्हाई दिसलं," ते म्हणाले.

ते ज्या पद्धतीने म्हणाले त्यावरून मला सगळं कळलं. वाचा म्हणून अर्ज परत करणं, दुकानात मिटलेले डोळे, दाराच्या चौकटीला दोनदा लागलेला खांदा, रोज अकराला आणि पाचला डोळ्यांत टाकायचं औषध. ते म्हणायचे सोलापूरची धूळ आहे. ती धूळ नव्हती, काचबिंदू होता. चार वर्षांपासून. कडेचं आधीच गेलं होतं, आता मधलंही पुसट झालं होतं. गेलेलं परत येत नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"मला सांगायचं तरी," मी म्हणाले.

"सांगितलं असतं तर टायपिंग कुनी केलं असतं?"

"मी केलं असतं."

"मग वाचलं कुनी असतं?"

ऑफिसात आम्ही दोघंच होतो. मला रडू येत होतं आणि त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं, म्हणून मी उठून माठातलं पाणी प्याले. मग त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले, म्हणजे रजिस्टर आणि स्क्रीन दोन्ही मला दिसेल. तीनशे ओळी पुन्हा केल्या. हेडसरांना मी काही सांगितलं नाही, भाऊसाहेबांनीही सांगू नका असं म्हटलं नाही.

मेच्या सुट्टीत शाळा ओस, फक्त आम्ही दोघं आणि डोक्यावरचा पंखा. शेवटच्या रजिस्टराची चाळीस पानं राहिली, ती राहिलीच. एकतीस तारखेला निरोप समारंभ झाला. हेडसरांनी त्यांना शाळेचा कणा म्हटलं. शाल दिली, नारळ दिला आणि भिंतीवरचं मोठं घड्याळ दिलं. भाऊसाहेबांनी घड्याळ हातात घेतलं, उलटं केलं, मागची खुंटी अंगठ्याने चाचपली आणि काखेत धरलं. सगळे हसले. मी हसले नाही.

राहिलेली चाळीस पानं मी जूनमध्ये एकटीने केली. स्वतःच वाचायचं, स्वतःच टाईप करायचं. चौपट वेळ लागला.

ऑगस्टमध्ये एक बाई वडिलांच्या दाखल्यासाठी आल्या. मी नाव टाकलं, लॅपटॉपने लगेच सांगितलं, रजिस्टर सहा. फाईल उघडली. त्या नावाच्या दोन ओळी वर येमूल लक्ष्मीनारायण व्यंकटेश होते. मूळ रजिस्टरात शेरा कोरा आहे, मीच तसं वाचलं होतं. इथे कोरा नव्हता. लिहिलं होतं, "टाईप करणाऱ्यास दिसत नाही. सर्व नोंदी मूळ रजिस्टरशी ताडून पाहाव्यात. ल. व्यं. येमूल." आणि तारीख. जानेवारीतली.

म्हणजे मी त्यांना पकडलं त्याच्या तीन महिने आधी त्यांनी सांगून टाकलं होतं. क्लार्क माणसाला सांगता येतं तसं, लेखी, शेऱ्याच्या रकान्यात, स्वतःच्याच नावापुढे. जन्मभर पाळलेला नियम त्यांनी तेवढ्यासाठी मोडला होता. आणि मी समोर बसून, पानात तोंड घालून, हात चुकला असेल म्हणत होते. मला स्वतःची फार लाज वाटली. त्या बाईंना दाखला दिला आणि त्या दिवशी खिडकी अर्धा तास लवकर बंद केली.

त्यांच्या घरी मात्र दिवाळीनंतरच्या एका रविवारी गेले. शाळेपासून दोन गल्ल्या सोडून आहे, तरी अकरा वर्षांत दोनदाच गेले असेन. त्यांच्या पत्नीने दारातच "रा अम्मा, कूर्चो" म्हणून बसायला सांगितलं. त्या घरी टॉवेलांच्या घड्यांचं काम आणतात. खोलीभर टॉवेलांचे ढीग, आणि मध्ये चटईवर भाऊसाहेब. पांढरा शर्ट होता, खिशाला पेनं नव्हती.

"लॅपटॉप चालतोय न्हवं?" त्यांनी आधी हेच विचारलं.

"चालतोय. भाऊसाहेब, सहा नंबरच्या रजिस्टरात तुमच्या नावापुढे शेरा आहे."

"सापडला व्हय," ते म्हणाले. "काडून टाका. मूळ रजिस्टरात न्हाई तो."

"तपासून झालं की काढते. फोटोवरून तपासतेय, रोज दोन पानं."

"किती झाली?"

"दोन रजिस्टरं."

"पंधरातली."

"हो."

"चुका निघाल्या?"

"सात निघाल्या." खरं तर सतरा निघाल्या होत्या, त्यातल्या बऱ्याच मी चुकीचं वाचल्यामुळे. पण हे मला तिथे बोलवलं नाही.

"मग ठिवा तो शेरा," ते म्हणाले. "संपल्यावर काडा. सावकाश करा, पन करा."

चहा झाला. त्यांच्या पत्नी आत गेल्या. बोलायला फारसं काही उरलं नाही, तशी मी उठले. ते परत कामाला लागले होते. एक टॉवेल घ्यायचा, उलटा करायचा, तळहात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचा, घडी घालायची. मी दारात चपला घातल्या. एका टॉवेलावर त्यांचा हात मध्येच थांबला, मागे गेला, पुन्हा त्याच जागी आला. मग त्यांनी तो टॉवेल उचलून, मी मघाशी जिथे बसले होते त्या रिकाम्या जागेपुढे धरला.

"मॅडम," ते म्हणाले, "हितं धागा सुटलाय का बघा जरा."

मी चपला काढल्या, आत आले आणि त्यांच्यासमोर बसून तो टॉवेल हातात घेतला. धागा सुटलेला होता.